तिसऱ्या नावाचं पान

२ फेब्रुवारी, सोमवार
आले एकदाची नातीकडे! लोअर परळ, एकतिसावा मजला. जिथे आमच्या ह्यांनी गिरणीत साचे चालवले, तिथे आता जिममध्ये माणसं पट्ट्यावर उभ्या जागी धावतात. पोचत कुठेच नाहीत. कॉटन ग्रीनची चाळ सोडताना शेजारची ललिता रडली. कांदा चिरत होती म्हणा. मला अक्षर येत नाही. मी सांगते, मनवा वहीत लिहिते आणि हळू सांग म्हणून ओरडते.

३ फेब्रुवारी
मनवाचं काम कळलं. वेबसाइटवर कुणी मागितलेलं पान नसलं की माफीचं पान दाखवायचं. तेही हाताने नाही. पायथनमध्ये चार ओळींचा कोड, यादी घातली की भराभर पानं पडतात. नसलेल्या वस्तूचा पगार! ‘क्षमस्व, पान सापडत नाही’ असा मिळमिळीत मजकूर होता. मी म्हटलं, चाळीतल्यासारखं स्पष्ट लिही : ‘इथे असं कुणी नाही. पुन्हा विचारू नका.’ तिला आवडलं. चाचणीला तीन नावं दे म्हणाली. दिवेलागण झाली होती, त्या वेळी मेलेल्यांची नावं घेत नाहीत आमच्यात. म्हणून जिवंतांची दिली. ललिता, सुकट विकणारा रघुवीर आणि तिसरं ह्या मनवाचंच, आळशी कुठली.

४ फेब्रुवारी
ललिताचा फोन नाही. मला टोमणा मारल्याशिवाय तिला चहा जात नाही. चाळीतल्या कमलला विचारलं, तर म्हणते, इथे असं कुणी नाही, पुन्हा विचारू नका. माझेच शब्द मला! कमलचं डोकं आधीच अर्धं होतं, आता तेवढंही गेलं.

५ फेब्रुवारी
रघुवीरही नाही. चाळीजवळच्या बाजारात जाऊन तिघांना विचारलं. तिघं एका सुरात तेच बोलले. मनवा हसली. तिला पानं पुसायला लावली. पुसली. परत आली. कोडच काढून टाकला. तिसरं पान तरी उघडंच—

६ फेब्रुवारी
हिचा डावा हात धरून बसलेय. उजव्याने ही लिहितेय. आता हसत नाही. सुनेला फोन लावला, हिच्या आईला. कोण मनवा, म्हणाली—
मशीनला सांगितलं, हिच्याऐवजी माझं नाव घे, मेल्या. घेत नाही—

संध्याकाळ
हातात हात नाही. खुर्ची रिकामी. पेन चालतंय— मी बोलते ते उमटतंय— मला तर अक्षर येत नाही—
मनवा, तूच असशील तर ‘जाते’ लिहू नकोस. आपल्यात ‘येते’ म्हणतात. लिही गो. ये—