शेवाळ्यांच्या मानाच्या थाळ्याची वाटणी

मी, जयसिंग धोंडिबा शेवाळे, वय चौसष्ट, राहणार हडपसर गावठाण, पुणे, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि स्वतःच्या पायांनी वकिलांपर्यंत चालत येऊन हे मृत्युपत्र करीत आहे. चालण्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. गेल्या वर्षी पायाच्या अंगठ्यावर नुसती चादर पडली तरी मी बोंब मारत होतो.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी मैना हिच्या. तिच्या पश्चात घर मुलगा सूरज व मुलगी ऋतुजा यांना निम्मेनिम्मे. यावर भावकीने मत देऊ नये. कुणी विचारलेले नाही.

२. आता मुद्द्याचे. आमच्या भावकीत जत्रा, आखाड, जागरण, लग्न, कशालाही बोकड पडले की कलेजी-गुर्द्यांचा पितळी थाळा थोरल्या घरच्या कर्त्याचा, त्याच्या एकट्याचा. भावकी मोठी, त्यामुळे आठवड्याआड थाळा ठरलेला. आजोबांनी खाल्ला, वडिलांनी खाल्ला. दोघांचेही अंगठे सुजत आणि दोघेही छातीत कळ येऊन गेले. आम्ही त्याला देवाची करणी म्हणत आलो.

माझा अंगठा टोमॅटोसारखा झाला तेव्हा डॉ. पूर्णिमा यांनी रिपोर्ट पाहून विचारले, "काका, हा मान बंद करता की मी तुमच्या मुलाला बोलावून घेऊ? कलेजी-गुर्द्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढलंय, कोलेस्टेरॉलही. दोन्ही मिळून हृदयाला धोका आहे." मग सूरजचे रक्त तपासले. थाळ्याला कधी हात न लावलेल्या छत्तीस वर्षांच्या पोराचेही युरिक अ‍ॅसिड वाढलेले! तेव्हा मात्र माझे धाबे दणाणले. माझ्या मागे थाळा त्याच्याच पुढे येणार, आणि पोरगा भिडस्त. तो नाही म्हणणार नाही.

म्हणून यंदाच्या जत्रेत मी भर पंगतीत उठलो आणि थाळ्यातला एकेक तुकडा प्रत्येकाच्या पानात वाढत सुटलो. चुलतभाऊ कोंडीराम ओरडला, "जयसिंगा, बापजाद्यांचा मान मोडतूयास व्हय?"

"मोडत न्हाय दादा, वाटतोय. पान पुढं कर."

पहिला तुकडा मैनाला दिला. सगळा जन्म चुलीपुढे गेला, पण ती कलेजी तिने कधी चाखली नव्हती. शांतपणे खाऊन म्हणाली, "मीठ कमी पडलंय." पंगत अशी हसली की कोंडीरामलाही पान पुढे करावे लागले. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो थाळा खाऊन कधी झाला नव्हता.

आज माझे दोन्ही आकडे आवाक्यात आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, धोका कमी झाला, संपला नाही, गोळ्या चालू ठेवा. ठेवतो. आमच्या थोरल्या घरात चौसष्टावे पाहणारा पहिला पुरुष मी आहे, आणि पासष्टावेही पाहणार आहे.

३. सबब, थाळा माझ्या मागे कुणा एकाचा नाही. सूरजने तो वाढावा. आमच्या घरात यापुढे वाढणाऱ्याचाच मान.

४. कोंडीराम साक्षीला येईना. "आधी वाचून दाखव," म्हणाला. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "डॉक्टरीणबाई कवा बसत्यात? आमच्या पोराचा, मच्छिंद्रचा बी अंगठा सुजतो." आणि पेन मागितले.

ठिकाण : हडपसर, पुणे
दिनांक : २१ एप्रिल २०२५

मृत्युपत्र करणार : जयसिंग धोंडिबा शेवाळे (सही)

आमच्यासमोर सही झाली :
१. डॉ. पूर्णिमा बोत्रे (सही)
२. कोंडीराम गेनबा शेवाळे (सही)