रिसाला कोण बोलावतंय

४ मार्च
पोचलो एकदाचे! शिलाँगहून सुमोत हाडं खिळखिळी झाली आणि पुढे दरीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पण माझी रिसा उड्या मारत उतरली. पाच वर्षांचं कार्टं, दमायचं नाव नाही, उलट मेई चल, मेई चल करत मलाच, आपल्या आईलाच, ओढत होती. आता आम्ही दोघीच. इथल्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि थेइलिनच्या घरी राहायचं. अख्खं गाव तिला काँग, म्हणजे ताई, म्हणतं, मीही म्हणते. तिने नाव विचारायच्या आधी पान-सुपारी पुढे केली, मग जादोहचं, म्हणजे मांस घालून शिजवलेल्या भाताचं, ताट शिगोशीग भरलं. मी नको नको म्हणाले तर म्हणते, शिलाँगच्या बाया चिमणीएवढं खातात, म्हणूनच वाऱ्याने उडून इथे आलीस वाटतं! मला ही बाई फार आवडली.

७ मार्च
इथली तऱ्हाच न्यारी. मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर बांधते. घरात नावाने बोलावतात, रानात मात्र त्या सुरानेच. रानात जे आहे त्याने नाव ऐकलं की ते त्याला पाठ होतं. काँगने हे झाडूचं गवत निवडता निवडता, मीठ संपलंय म्हणावं तसं सांगितलं. रिसाचा सूर कुठाय, असंही विचारलं. आमच्याकडे नाव पुरतं, असं म्हणून मी हसले. तर म्हणाली, पोर झाली तेव्हा झोपली होतीस का गं?

१२ मार्च
आज वर्गात मेघालय घेतला. गारो, खासी, जैंतिया डोंगर, दक्षिणेला सपाट मैदान, तिथून वर येऊन अडणारे ढग. राज्याचा बराचसा भाग रान, असं पुस्तकात एका ओळीत आहे. मुलांनी नकाशा काढला तो सगळा हिरवा. घरं ठिपक्यांएवढी. रस्ते कुठेत विचारलं तर खो खो हसली. मिस, रस्ता रानातूनच जातो ना!

१५ मार्च
गवत कापायला सगळ्यांबरोबर उतारावर गेलो होतो. खालून ढग चढला आणि हाताशी असलेली रिसा दिसेना. बायकांनी आपापले सूर काढले, एकेक पोर धुक्यातून येऊन आईला चिकटलं. माझ्याकडे काढायला काही नव्हतं. मी तिचं नाव घेऊन ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. एकीने धावत येऊन माझं तोंड दाबलं. रिसा खडकामागे संत्रं खात बसली होती. येताना बायकांनी पोरांना मध्ये घेतलं. दरीतून माझी हाक परत येत होती. मी काँगला समजावलं की समोरासमोर डोंगर असले की प्रतिध्वनी होतोच. ती म्हणाली, तो विरून जातो. हा घरापर्यंत आलाय.

१८ मार्च
जेवत होतो. तोंडात घास असताना मी बाहेरून हाक मारली. माझाच आवाज, रिसा म्हणताना शेवटी मी जरा लांबवते तोही तसाच. रिसा हो मेई म्हणत दाराकडे गेली. मी तिला ओढून घेतलं तर गोंधळून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला भीती वाटतेय. भूगोलबिगोल सगळा विसरले.

१९ मार्च
सामान बांधलं. गावप्रमुख बाह स्खेम दारात आडवे उभे राहिले. वर जाणाऱ्या पायऱ्या रानातूनच जातात, पोरीला ते ओळखतं, आता बाहेर काढू नकोस म्हणाले. आत ते येत नाही, तिलाच बाहेर यावं लागतं, असंही म्हणाले. काँग म्हणाली, अजूनही सूर बांधून बघ, आईनेच बांधायचा असतो. मी दार लावून रिसाच्या कानात गुणगुणले. दुपारी तोच सूर दरीतून आला, माझ्यापेक्षा गोड. दुसरा बांधला. तोही आला. काँग पदराने डोळे पुसत होती. नाव कळल्यावर सूर लपत नाही, म्हणाली.

२१ मार्च
आता मी बोलणारच नाही. त्याला उचलायला काही द्यायचंच नाही. रिसाला खुणांनी जेवायला बोलावलं. ती विचारते, मेई, रागावलीस का? मी मान हलवते. काय करू—

२४ मार्च
बाहेरची तिला गोष्ट सांगते. माझीच, वाघाची. रिसा दाराला कान लावून हसते. माझ्याकडे येत नाही.

२५ मार्च
चुकलं माझं. गप्प बसायला नको होतं. आज बोलले— घोगरा, कुणाचा तरी आवाज निघाला. रिसा किंचाळली. तू मेई नाहीस म्हणाली. मेई बाहेर आहे म्हणाली.

२६ मार्च
शालीने तिला कमरेला बांधून घेतलंय. डाव्या हाताने धरलंय, उजव्याने लिहितेय. लिहिलं नाही तर वेड लागेल. मला चावली. मला सोड, मेईकडे जायचंय— माझ्याच मांडीवर बसून रडतेय. काँग दाराला पाठ लावून बसलीये.

दुपार. ढग दारापर्यंत आलाय. बाहेर मी म्हणतेय, ये बाळा, भात निवतोय. किती माया आहे त्या आवाजात. मी अशी कधी बोलले होते का तिच्याशी— काँग रडतेय, तीही त्या आवाजाला कान देऊन बसलीये— रिसा शालीची गाठ दातांनी सोडवतेय— रिसा, अगं मी— मीच आहे गं— काँग बाजूला झाली, का झाली— रिसाने वळून बघितलं, परक्या बाईकडे बघावं तसं, आणि हो मेई, आले मेई म्हणत—