बेचाळिसावं पाऊल

बालाघाट,
९ एप्रिल १९७६

प्रिय खेमराज,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे लगेच फोडणार नाहीस. कारखान्याच्या कपड्यांच्या खिशात एक-दोन दिवस राहू देशील. राहू दे. पण फोडलंस की शेवटपर्यंत वाच. आजवर तुला ‘इकडील सर्व कुशल’ एवढंच लिहिणाऱ्या बहिणीला एकदम इतकी पानं का लागली, ते शेवटी कळेल. आधी लिहायचं धैर्य मला नाही.

आई ठीक आहे. डाव्या डोळ्यानं आता जवळजवळ दिसत नाही, पण मोहाची फुलं वेचायला अजून शेवंताबाईच्या सुनेबरोबर जाते, आणि घरभर तो गोडसर, डोकं जड करणारा वास भरून राहिला आहे. माझ्या शाळेत परीक्षा सुरू आहेत. दिवसभर हिंदीत बोलून संध्याकाळी मराठीत लिहायला बसलं की पहिली दोन वाक्यं परक्याची वाटतात. फळीवरच्या खेळण्यातल्या मोटारी सगळ्या जागेवर आहेत. एकवीस. दर रविवारी मी त्या उतरवते, मऊ फडक्यानं पुसते आणि पुन्हा त्याच क्रमानं ठेवते. निळीला मात्र हात लावत नाही. ती आईकडे आहे.

तुला ती फळी रिकामी असलेली आठवते का? छप्पनच्या दसऱ्याला आपण सगळे नागपूरला दीक्षा घ्यायला गेलो होतो, तू पंधरा वर्षांचा होतास आणि प्रेमलाल आठ. परत आल्यावर बाबांनी देव्हारा उतरवला. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागला, पण देव्हाऱ्याची फळी तशीच राहिली, आणि आई येता-जाता सवयीनं तिच्याकडे पाहायची. मग एके दिवशी बाबा भरवेलीच्या खाणीतून मळक्या फडक्यात गुंडाळून ती हिरवी शर्यतीची मोटार घेऊन आले. खाणीच्या बंगल्यातला कोणी साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या मुलांची मोडकी खेळणी वर्कशॉपच्या मागे टाकली होती. स्प्रिंग तुटलेली, मागचं एक चाक नाही. बाबांनी ती आठवडाभर घासलेटात भिजवली, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग कापून बसवली, सायकलच्या ट्यूबचं चाक केलं, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्या फळीवर ठेवली. आई म्हणाली होती, “देवाले एका दिव्याचं तेल पुरत होतं. या मोटारीले तं बाटलीभर घासलेट लागते.” पण त्या दिवसापासून ती फळीकडे पाहून हसायला लागली.

त्यानंतर आपलं घर रविवारी वर्कशॉप व्हायचं. बाबा पत्र्याचे पोचे काढायचे, तू गिअर जुळवायचास, मी बारीक कुंचल्यानं रंग भरायची, आणि प्रेमलाल काहीही न करता स्टेशन मास्तरसारखा हाळी द्यायचा की हट्टा, रामपायलीकडे जाणारी मोटार घासलेटाअभावी दोन तास उशिरा सुटेल. रंग भरताना बाबा माझ्या हाताकडे डोळा ठेवून असायचे. जुना रंग जिथे शाबूत असेल तिथे कुंचला गेला की रागवायचे. “जेवढं मोडलं तेवढंच दुरुस्त कर. बाकीच्याले हात नोको लावू.” दुसरा नियम सेलचा. सेलवर चालणाऱ्या दोन-तीन मोटारी आल्या तेव्हापासून, खेळ झाला की सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते आतल्या आत फुटून पत्रा खातात. हा नियम तोवर कोणी एकदाही मोडला नव्हता.

निळी जपानी मोटार त्रेसष्टमध्ये आली. बदली होऊन चाललेल्या एका इंजिनिअरच्या बायकोनं ती बाबांना दिली, ही कधी चाललीच नाही म्हणून. दुरून चालणारी मोटार आपण तोवर ऐकलीही नव्हती. तिच्यासोबत एक पेटी होती, तिला एरियलची काडी आणि एकच बटण. बटण दाबलं की पेटीत ठिणगी उडायची, आणि तार नाही, दोरी नाही, मोटारीला ते कळायचं. तिच्या पोटातली काचेची नळी फुटली होती. तू दवाखान्यातून इंजेक्शनची रिकामी कुपी आणलीस आणि तिच्यात बाबांच्या कानशीखालचा लोखंडाचा चुरा भरलास. तू मला समजावलं होतंस ते मला अजून पाठ आहे. दूर कुठे ठिणगी उडाली की हा चुरा एकमेकांना घट्ट धरतो, मग वीज वाहते आणि चाकं फिरतात. नंतर आतली इवलीशी हातोडी टक् करून नळीवर आपटते आणि त्यांना एकमेकांपासून सोडवते. दोन वर्षं लागली तुला. प्रेमलाल तुला जपानी जावई म्हणायचा.

पुढचं मला लिहायचं नाही, पण लिहायला हवं. पासष्टचा एप्रिल, रविवार, वैनगंगेची वाळू. पेटीचा हुकूम किती पावलांपर्यंत पोचतो ते तुम्हाला मोजायचं होतं. तू मोटारीजवळ उकिडवा बसलास. प्रेमलाल पेटी घेऊन उलटा चालत निघाला, तोंड आपल्याकडे, दर पावलाला बटण दाबत आणि आकडा ओरडत. तू चाकांकडे पाहत होतास. एकेचाळीस म्हणाला तेव्हा चाकं वळली. त्यानंतर वळली नाहीत. तू वाळूवर बोटानं एकेचाळीस लिहिलंस, हद्द संपली म्हणून. आणि बेचाळीसची हाक ऐकायला मान वर केलीस, तर वाळूवर कोणीच नव्हतं. पात्राच्या कडेला वाळू उपसून झालेला तो खड्डा वरून दिसत नव्हता, पाणी पोटरीएवढंच वाटत होतं. तू धावलास, तुला पोहता येत नसताना आत शिरलास, हे मी कधीच विसरले नाही. ढीमर कोळ्यांनी प्रेमलालला तासाभरानं काढलं. पेटी मिळाली नाही.

त्या संध्याकाळी मोटार घरी आणली कोणी, फळीवर ठेवली कोणी, आठवत नाही. तिच्यातले सेल काढायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी पाच वाजता मी, तू आणि आई त्या खोलीत होतो. टक् असा आवाज आला. निळीची पुढची चाकं सावकाश डावीकडे वळली, आणि बाबांनी खाली लाकडाचा ठोकळा दिला होता म्हणून नुसतीच हवेत फिरत राहिली. आई म्हणाली, “पेटी त्याच्यापाशी हाय.” एवढंच. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. ज्या घरानं देव सोडले, भुताखेताचं नाव घेणं सोडलं, बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे जाणाऱ्यांना बाबा ओसरीवर बसवून समजावायचे, त्या घरात तू विचारणार तरी काय होतास? कोणी शेजारचं असतं तर ओरडलं असतं, धावलं असतं, आणि दहा माणसं गोळा होऊन कोणी तरी कारण शोधलं असतं. आपण शहाणे म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीनं तू गोंदियाला गेलास आणि तिथून भिलाईला. अकरा वर्षं झाली.

आता नीट वाच. तू गेल्यावर महिन्याभरानं बाबांनी कारण शोधलं. निळी रोज पाचलाच हलते, हे त्यांनी कोणाला न बोलता टिपून ठेवलं होतं. आपल्या भिंतीपलीकडे महागूकाकांची आटाचक्की. ते रेल्वेतली ड्यूटी संपवून पाचला येतात आणि चक्कीच्या मोटारीचा खटका ओढतात, तेव्हा निळसर ठिणगी उडते. प्रेमलाल गेल्यावर त्यांनी दुखवट्यासाठी दोन दिवस चक्की बंद ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सुरू केली. आपण तो आवाज इतकी वर्षं ऐकत होतो की तो आपल्याला ऐकूच आला नाही. बाबांनी मला फळीसमोर उभं केलं आणि स्वतः पलीकडे गेले. भिंतीआडून त्यांचा आवाज आला, “सरिता, पाह्य आता.” तीनदा खटका ओढला, तीनदा चाकं वळली. बाबा परत आले आणि दारातच बसले. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर त्यांनी आपला नियम स्वतःच मोडला. निळीतले सेल काढायचे नाहीत, संपले की नवे घालायचे. “खेमराजनं आपल्या डोयानं पाह्यलं पाह्यजे,” म्हणायचे. “आपण सांगून काय होते?” रोज पाचला त्या फळीसमोर बसायचे. तुझं कार्ड यायचं, पत्र पोचले, कुशल आहे. बाबा ते माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे आणि विचारायचे, “आन मोटारीचं काही नाही? काहून येत नाही मंग तो?” मी म्हणायचे, सुट्टी मिळत नसेल. एकदा म्हणाले, “त्याले समजलं, तरी येत नाही. म्हंजे त्याचा राग माह्यावर हाय.” त्र्याहत्तरमध्ये ते गेले तेव्हा तू घाटापर्यंत आलास आणि तिथूनच परत फिरलास. मला एकच विचारलंस, “ताई, पाच वाजले का?” तेव्हाही मी सांगू शकले असते. मी म्हणाले, वाजायचे आहेत.

आईला चक्कीचं माहीत आहे. बाबांनंतर सेल तीच बदलते, दिसत नसलं तरी चाचपून, कोणता कुठल्या तोंडानं घालायचा ते तिला बोटांना कळतं. मी सगळंच सांगायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते. गेल्या श्रावणात महागूकाका आठवडाभर गावाला गेले होते, चक्कीला कुलूप होतं, आणि एका संध्याकाळी टक् असा आवाज झाला. दूर कुठे वीज चमकली असेल. मी खिडकीतून पाहिलं तर आभाळ स्वच्छ होतं. मी आईला बोलले नाही, आणि ती मला. मला भीती वाटली नाही, खेमराज. मी मनात बेचाळीस म्हटलं, आणि भाजी निवडत बसले.

महागूकाका थकले. त्यांनी चक्की विकली आहे. नवा मालक ती बाजाराकडे नेणार, तीस तारखेला इथलं शेवटचं दळण. त्यानंतर तुला दाखवायला काही उरणार नाही. परवा आई म्हणाली, “खेमराजले अजूक एक बार लिही. तुह्या बापानं लिवलतं तसंच लिही.” मी हो म्हटलं, आणि त्या हिरव्या शर्यतीच्या मोटारीच्या सुट्या भागांचा खोका उघडला. बाबांनी लिहिलं होतं ते त्यात होतं. अकरा वर्षं तिथेच होतं. पासष्टमध्ये चक्कीचं कळलं त्याच दिवशी बाबांनी मला आंतर्देशीय पत्र घेऊन बसवलं होतं. ते बोलले, मी लिहिलं, खाली त्यांनी सही केली, आणि टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते टाकलं नाही. दुसरं लिहिलं, ‘इकडील सर्व कुशल’. मला वाटत होतं, तू भ्यायला हवंस. तू चाकांकडे पाहत होतास म्हणून प्रेमलाल गेला, असं मी स्वतःला रोज सांगत होते. ती नळी तूच भरली होतीस, तेव्हा कधी तरी तुझं तुलाच कळलं असेल, असंही सांगत होते. पण आपलं आपल्याला सुचणं वेगळं आणि बापानं घरी बोलावणं वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि अजून एक. त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, मी झाडाखाली डबा सोडत होते. खोटं आहे ते. डबा केव्हाचा सोडून झाला होता. माझं तोंड नदीकडे होतं, प्रेमलाल माझ्या समोर होता, आणि मीही चाकांकडेच पाहत होते. सोबत बाबांचं पत्र ठेवलं आहे. चारच ओळी आहेत, ‘मोटार चक्कीनं हालते, तुह्यी चूक नाही, घरी ये’, आणि खाली लांब शेपटाच्या ‘म’ची त्यांची सही. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर माझ्या हातचं पाणीही घेऊ नकोस. पण तीस तारखेच्या आत, पाचच्या आधी घरी ये. आईनं काल नवे सेल घातले आहेत.

तुझीच, हे म्हणायचं की नाही ते तू ठरव,
ताई