अर्ध्यात सुटलेली ओळ

प्रिय भाई,

गेल्या आठवड्यात तुला तीन फोन येऊन नुसतेच कट झाले ना, ते माझे, दुसऱ्याच्या फोनवरून केलेले. तू ‘हॅलो, कोण?’ म्हणालास की मी फोन ठेवून द्यायचे, म्हणून शेवटी लिहायला बसले. आधी कुठेतरी नीट बस आणि मग वाच. तुमच्या गोदामातल्या लोकांनी तुला तो व्हिडिओ दाखवला असेलच, सगळीकडे फिरतोय. झगमगत्या दिव्यांत पहिल्या रांगेतला एक पाठमोरा म्हातारा दोन्ही हात वर करून डोलतो, गिरकी घेतो, कोसळतो आणि लोक शिट्ट्या मारतात. खाली कुणीतरी ‘काका एकदम फॉर्मात’ असं लिहिलंय. भाई, ते आपले अब्बा आहेत. जिवंत आहेत, घाबरू नकोस. पण आज नववा दिवस, अजून दवाखान्यातच आहेत. इथल्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर लागेल तसं लावून घे.

तू आपली कव्वालीची पार्टी सोडून गेल्यापासून इथे सगळंच उलटंपालटं झालंय. दर्ग्यात गुरुवारी आता दहा-बारा माणसं येतात, त्यातली निम्मी पंख्याखाली डुलकी काढायला. बाकी सूफी म्हणशील तर उदंड! दाताच्या डॉक्टरकडे सूफी, लिफ्टमध्ये सूफी, जिममध्ये वजनं उचलायलाही सूफीच. काकांच्या थोरल्या मुलाने वारा ओळखला. मंचावर आता तो आणि आणखी दोघं, एवढेच असतात. बाकीची पार्टी लॅपटॉपमध्ये. टाळ्या, ढोलक, मागचे आवाज, सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं. तो लॅपटॉप मी चालवते. अब्बांना कळलं तेव्हा त्यांनी आमच्या गाण्याला डब्यातली कव्वाली म्हणून निकालात काढलं आणि त्यावर पुन्हा शब्द काढला नाही. दम लागायला लागल्यापासून ते स्वतः गात नव्हतेच.

त्या दिवशीचा कार्यक्रम एका कंपनीच्या वार्षिक समारंभातला. दुपारी साडेतीनला, हॉलबाहेर लख्ख ऊन, आणि नाव काय तर सूफी नाइट! बारा मिनिटं दिली होती. त्यांचा व्यवस्थापक सारखा मनगटाकडे बघायचा, त्याचं नाव मी घड्याळबुवा ठेवलं होतं. ऐनवेळी काय मनात आलं कोण जाणे, थोरल्याने आग्रह केल्यावर अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून निघाले. पहिल्या रांगेत त्यांना बसलेलं पाहिलं आणि मी लॅपटॉपच्या पडद्याआड तोंड लपवलं. का ते सांगते. आतापर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या ट्रॅकवर एका बाईचा आवाज आहे. थोरल्याने ठरवलेली गायिका रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा बसल्यामुळे आली नाही. नुसती जागा धरून ठेवायला म्हणून मी ते गायले. नंतर तो म्हणाला राहू दे, कुणाला कळतंय. तुला कळलं असतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना तू मला जे शिकवायचास, तेच सगळं गळ्यातून आलं. तू एक तान घ्यायचास आणि मी तोंडात चिमटे धरून मान डोलवायची. जिन्यात पाय वाजला की तू लगेच माझ्यावर खेकसायचास, टिटवी, चादर नीट पिळ म्हणून. तुझं ते नाटक किती वर्षं चाललं! आणि हे सगळं अब्बांच्या पेटीवर हात ठेवून, घरचं गाणं पार्टीबाहेर कुणाला, अगदी बहिणीलासुद्धा, देणार नाही असा शब्द दिल्यावर.

तर ती ओळ आली, ‘दार उघडंच होतं, मीच बाहेर उभा.’ माझा आवाज वर गेला आणि अब्बा उभे राहिले. आधी मला वाटलं, आवाज ओळखून रागाने उठून चालले. पण त्यांचे डोळे मिटलेले होते. भाई, त्यांना हाल आला होता, भान हरपून ते त्या ओळीत बुडाले होते. जन्मभर लोकांना त्या अवस्थेत नेणारा माणूस, त्याला स्वतःला तसं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि ते माझ्या गाण्यावर.

आपल्याला त्यांनी सुरांच्याही आधी काय शिकवलं होतं, आठवतं ना? ज्या ओळीवर माणूस हरवला, ती ओळ सोडायची नाही. तो शुद्धीवर येईपर्यंत तीच गायची, नाहीतर त्याच्या जिवावर बेततं. दर्ग्यात हाल आलेल्या त्या बेकरीवाल्यासाठी अब्बांनी एकच ओळ पाऊण तास धरून ठेवली होती आणि मग तीन दिवस घरात खुणेने बोलत होते. मला हे पाठ होतं. लॅपटॉपवर एक कळ आहे, ती दाबली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. बोट तिच्यावरच होतं. मी दाबली नाही. घड्याळबुवा हातवारे करत होता, पण त्याच्यावर ढकलणार नाही. मला आनंद झाला होता. सांगायला लाज वाटते, पण आठ टाळ्यांपुरती मी नुसती बघत राहिले, की बघा, माझ्या आवाजावर अब्बा उठले. तेवढ्यात ट्रॅक पुढे गेला, ते मोठे ढोल धडाधड सुरू झाले आणि अब्बा झाड पडावं तसे पडले. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या थांबेचनात. माझी किंकाळी कुणाला ऐकूसुद्धा गेली नाही.

डॉक्टर म्हणतात पक्षाघात. वय, रक्तदाब, गर्दी, काहीही कारण असू शकतं. डावी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात मात्र पलंगाच्या दांडीवर ताल धरतो. आठ वेळा वाजतो आणि थांबतो, पुन्हा आठ. नर्स म्हणते, असे झटके येतात. मी तिला काय सांगू? ट्रॅक जिथे पुढे गेला, बरोब्बर तिथेच हात थांबतो. कालपासून त्यांना लिहायला पाटी दिलीय. पहिलंच वाक्य लिहिलं, गाणारी कोण होती? मी म्हटलं, ठाऊक नाही, बाहेरची कुणीतरी असेल. मी खोटं बोलले, भाई, त्यांच्या त्या तोंडाकडे बघत. त्यांनी पुसलं आणि खाली वेडंवाकडं लिहिलं, तिने ओळ सोडली, तिला आणा.

तुला हे पत्र त्यासाठी. येत्या रविवारी, भेटीच्या वेळी, सकाळी अकराला मी त्यांना सांगणार आहे की ती मी होते. मग पलंगाजवळ बसून ती ओळ धरणार आहे, नर्सने हाकललं तरी सोडणार नाही. हे तुला कोणी दिलं, असं ते पाटीवर लिहिणारच, आणि तेव्हा मी तुझं नाव घेणार आहे. तू शब्द मोडल्याचं त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं आणि तुला आधी माहीत असावं. जमलं तर ये, मागे टाळीला कुणीतरी हवं. चिडतील, भयंकर चिडतील, पाटी फेकून मारतील. मारू देत. आपल्यावर चिडायला का होईना, ते परत तरी येतील.

तुझीच,
टिटवी