निळ्या दोऱ्याचं दुकान कुणाचं

आणि "धंदा: घरकाम" हे कुणी लिहिलं, ते मला आधी कळू द्या. वकीलसाहेबांनी माझ्या मृत्युपत्राचा मसुदा धाडला, त्यात पहिल्या ओळीत मी घरकाम करते आणि दुसऱ्या ओळीत मी अशिक्षित आहे. तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवलं, साहेबांच्या स्वतःच्या मंडळींचं मशीन दोनदा माझ्या टेबलावर उघडं पडलं, आणि मी घरकाम करते! फोन केला. म्हणाले, "बाई, तो छापील नमुना आहे. बायकांच्या कागदाला तोच लावतो आम्ही." मी म्हटलं, "मग मरायला बाईसुद्धा छापीलच आणा." मसुदा परत पाठवलाय. हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. ऱ्हस्वदीर्घ कुणी तपासू नये, अर्थ तपासावा.

तर, मी, वय वर्षं छप्पन्न, मशीन दुरुस्तीवाली, मूलबाळ नाही, नवरा तीन वर्षांपूर्वी वारला, आज सोमवारी दुकानाच्या मागच्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून, पोटभर जेवून, कुणाच्या दबावाशिवाय आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी. घाई यासाठी, की येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "साधं ऑपरेशन आहे, काळजी करू नका." मशीन उघडायच्या आधी आत काय निघेल हे ठाऊक नसलं की मीही गिऱ्हाइकाला नेमकं हेच सांगते. म्हणून लिहायला बसले.

माझा दीर सगळ्या रस्त्याला सांगत सुटलाय की वहिनीचं डोकं फिरलंय, तिच्या सहीला काही अर्थ नाही. वकील म्हणाले, "मग स्वतःची ओळख लिहा. छंद, विचार, श्रद्धा. वाचणाऱ्याला कळू दे, बाई भानावर आहे." ठीक आहे. करून देते ओळख.

१. शिक्षण. पाचवीच्या पहिल्या महिन्यापर्यंत. मास्तर म्हणाले, पृथ्वी गोल आहे. मी म्हटलं, कशावरून? त्यांनी पुस्तक दाखवलं. मी म्हटलं, हे तर चौकोनी आहे. दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणं गेलं, आणि वडिलांनी मला एका शिंप्याकडे बटणं लावायला बसवलं. त्या शिंप्याचं मशीन रोज बंद पडायचं. माझं खरं शिक्षण तिथे झालं. पृथ्वी गोल आहे हे मी नंतर मान्य केलं, पण मास्तरांमुळे नाही.

२. छंद. बंद पडलेलं मशीन समोर ठेवायचं आणि चहा संपेपर्यंत त्याला हात न लावता नुसतं बघायचं. गिऱ्हाइकाला वाटतं बाईला डुलकी लागली. मी मनात एकेक गोष्ट वगळत असते. सुई उलटी लावली आहे का? निम्म्याहून जास्त वेळा तेवढंच असतं. दोरा चुकीच्या वाटेने ओवलाय का? बॉबिन? पट्टा? बाहेरचं सगळं तपासून झाल्याशिवाय आतल्या स्क्रूला पाना लावायचा नाही. बाजारातले निम्मे दुरुस्तीवाले आधी आतलं खोलतात आणि मग उलट्या सुईचे पैसे घेतात.

दुसरा छंद, गिऱ्हाइकांची कारणं वहीत उतरवून ठेवणं. "आपोआप बंद पडलं." "मी तर हातसुद्धा लावला नाही." एका गृहस्थांच्या मशीनमधून अर्धी वाटी साखर निघाली, तेव्हा ते म्हणाले, "हवा दमट आहे ना हल्ली." अशा चार वह्या भरल्यात. दीर त्याच वह्या पुरावा म्हणून दाखवत फिरतो: "बघा, माणसं बोलतात ते लिहून ठेवते! शहाणं माणूस असं करतं का?" सबब त्या चारही वह्या माझ्या पश्चात त्यालाच द्याव्यात. दुसऱ्या वहीत त्याची स्वतःची नऊ वाक्यं आहेत. शोधायला त्रास नको म्हणून पानं दुमडून ठेवली आहेत.

३. श्रद्धा. देव आहे की नाही हे मी उघडून पाहिलेलं नाही, त्यामुळे बोलत नाही. त्यानेही माझ्याबाबतीत आजवर तेवढी सभ्यता पाळली. माझी श्रद्धा एवढीच, की जे आपोआप बंद पडलं म्हणतात ते कुणीतरी पाडलेलं असतं. मी गेल्यावर भाषणं करू नयेत. कुणाला राहवलंच नाही तर "मायाळू" हा शब्द तरी वापरू नये, मला ओळखणारे लोक तिथे बसलेले असतील आणि त्यांना हसू आवरायचं नाही.

४. तर्क. दीर म्हणतो, वहिनीला भ्रम झालाय, आणि तो गेल्या वर्षभरापासून आहे. बरं. दोन महिन्यांपूर्वी त्याने राहत्या जागेचा नवा भाडेकरार केला. त्यावर साक्षीदार कोण? मी. स्वतः कागद घेऊन आला होता. "वहिनी, तुमच्यासारखं खमकं माणूस हवं सहीला," म्हणाला. आता मला वेड असेल तर त्याचा करार गेला, त्याने सामान बांधायला घ्यावं. करार चालू असेल तर मी शहाणी आहे, त्याने तोंड बंद ठेवावं. दोन्हीपैकी काय पाहिजे ते त्याने निवडावं. मी त्याला हे दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं.

"वहिनी, तुम्ही शब्दात पकडता माणसाला," म्हणाला.

"भावोजी, शब्दच सोडताय ना तुम्ही. दुसरं काही सोडलं असतं तर ते पकडलं असतं."

डॉक्टरीण बाईंनीही माझी परीक्षा घेतली. आज वार कोणता, शंभरातून सात सात वजा करत या. मी दोनापर्यंत आले आणि विचारलं, आता खाली जाऊ का? त्यांनी दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

५. किरकोळ. नवऱ्याचा रेडिओ समोरच्या चष्मेवाल्याला द्यावा, तो वाजत नाही हे त्याला माहीत आहे. शिवणक्लासवाल्या बाईंनी माझी मोठी कात्री नेली त्याला अकरा वर्षं झाली, ती आता त्यांनाच दिली असं समजावं, म्हणजे मला बघून त्यांना पलीकडच्या फुटपाथला जावं लागणार नाही. तसंही गुरुवारनंतर तो प्रश्न कदाचित राहणार नाही. बँकेत असेल त्यातून दवाखाना भागवावा. माझ्या साड्या ज्याला पाहिजे त्याने न्याव्यात, पण दिराच्या बायकोने नेताना "कशा जुन्या आहेत" असं म्हणू नये, निदान जिन्यात तरी.

६. दुकान. आता मुद्द्याचं.

दुकानाची जागा, वरच्या दोन खोल्या, सगळी हत्यारं आणि पाटी, हे सगळं माझ्या एकटीच्या नावावर आहे. दिराचं म्हणणं असं: "दुकान दादाच्या हातावर चाललं. दादाची शेवटची चार वर्षं बघा, एक मशीन परत आलं नाही. दादाच्या हाताला गुण होता. तेव्हा दादाचं दुकान त्याच्या रक्ताच्या माणसाकडे जायला हवं." रक्ताचं माणूस म्हणजे तो स्वतः. त्याला तिथे मोबाईलची कव्हरं विकायची आहेत.

आमच्या दुकानाची एक रीत आहे, ती वाचणाऱ्याला सांगायला हवी. मशीन दुरुस्त झालं की चिंधीवर तीन ओळी शिवून बघायच्या. ती चिंधी तारीख घालून तारेत ओवून ठेवायची. ज्याने काम केलं त्याचा दोरा. नवऱ्याचा निळा, माझा लाल. मशीन परत आलं की चिंधी काढायची आणि ज्याचा रंग त्याने बोलणी खायची. माझी धाकटी नणंद अठरा वर्षं आमच्याबरोबर त्याच टेबलावर बसते, पण तिला रंग नव्हता. लग्न मोडून परत आली तेव्हा सगळे म्हणाले, "बसू दे दुकानात, मदत होईल." मदतीला रंग कशाला लागतो? हे सगळे म्हणाले यात मीही होते.

शेवटच्या चार वर्षांत नवऱ्याची नजर गेली होती. सुई ओवता येत नव्हती. तरी निळ्या चिंध्या तारेत पडत राहिल्या. मी एकदा विचारलं, "दिसत नाही तर करता कसं?" म्हणाला, "हाताला सवय आहे गं." आणि मी, जिने पृथ्वीसुद्धा तपासल्याशिवाय गोल मानली नाही, ती हे ऐकून गप्प बसले. त्या दिवसांत मी बाहेरची कामं करत फिरत होते, कारखान्यांतली मोठी मशीनं. संध्याकाळी येऊन तारेवर नजर टाकायची, निळा दिसला की बरं वाटायचं. बरं वाटलं की मी विचार करायचं थांबवते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात ऑपरेशनची तारीख मिळाली, म्हणून आवराआवर काढली. सगळ्या चिंध्या वर्षांप्रमाणे टेबलावर लावल्या. नवरा ओळ संपवताना नेहमी मशीनवरच मागे-पुढे दोन टाके घालून दोरा पक्का करायचा. जुन्या सगळ्या निळ्या चिंध्यांवर तसंच आहे. शेवटच्या चार वर्षांतल्या एकाही चिंधीवर तसं नाही. तिथे दोन्ही दोरे मागे ओढून हाताने गाठ मारली आहे. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतं. माझ्या उशीच्या अभ्र्यावर ती आहे. रोज त्यावर डोकं ठेवून झोपले मी.

नणंदेला बोलावलं. ती हात पुसत आली.

"हे तू केलंस? चारही वर्षं?"

तिने चिंध्यांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "दादाला वाईट वाटलं असतं वहिनी."

"अगं, आणि मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

रागाने नाही म्हणाली. वार सांगावा तसं सांगितलं आणि परत जाऊन बसली. मला त्या दिवशी छातीत दुखलं ते झडपेचं होतं की दुसरं, हे डॉक्टरांनी उघडल्यावर बघावं.

आता दिराचंच म्हणणं घेऊ. दुकान ज्या हाताने चाललं त्या हाताच्या रक्ताच्या माणसाकडे जावं. मान्य, शब्द न शब्द मान्य. तो हात त्याच्या बहिणीचा आहे. त्या हाताला तिच्यापेक्षा जवळचं रक्त दुसऱ्या कुणाचं असेल तर त्याने घेऊन यावं, मी नाडी तपासून बघेन. सबब दुकानाची जागा, वरच्या खोल्या, सगळी हत्यारं, तेलाच्या बुधल्यांपासून मोठ्या पकडीपर्यंत, आणि दवाखाना भागवून बँकेत उरेल ते, हे सगळं माझ्या पश्चात माझ्या नणंदेला एकटीला द्यावं. दिराचा यात कोणत्याही वाटेने, आडवाटेने किंवा मागच्या दाराने हक्क राहणार नाही.

७. पण घोडं इथेच अडलंय. हे तिला सांगितलं तर काय म्हणाली? "मला काय करायचंय वहिनी. भाऊ म्हणेल ते." म्हणजे मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊ कागद पुढे करणार, ही सही करणार, तिसऱ्या दिवशी कव्हरं लटकणार आणि ही त्याच्या स्वयंपाकघरात मदतीला. वकील म्हणाले, "अट घाला. विकता येणार नाही, कुणाला देता येणार नाही." मी नाही म्हटलं. अठरा वर्षं तिला न विचारता सगळं ठरवलं, आता मेल्यावरही मीच ठरवू? अट नाही. ती दुकान विकेल, जाळेल, पाटी उलटी लावेल, तिची मर्जी. फक्त घेताना तिने स्वतःच्या तोंडाने घेतलं पाहिजे. ती नाही म्हणाली तर जागा आणि हत्यारं सरकारी तंत्रशाळेत मुलींच्या वर्गाला जावीत, बँकेतलं मात्र तिचंच राहील. तसा वेगळा कागद वकिलांकडे करून ठेवला आहे, सही तेवढी बाकी आहे. ती करायची की नाही हे मला ऑपरेशनच्या आधी कळायला हवं, कारण नंतरचं कुणी सांगावं.

वकील असंही म्हणाले की जिला मिळायचं तिनेच साक्षीदार म्हणून सही केली तर कोर्टात त्यावर बोट ठेवतात. म्हणून खाली तिची सही नाही. कुणी उगाच शंका काढू नये. चष्मेवाल्याच्या बंद रेडिओवर कुणी बोट ठेवलंच तर रेडिओ त्यानेच न्यावा.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, दिराविषयीचा तीनदा वाचला, आणि बरोबर आहे म्हणून खाली सही करते आहे.

सही: (माझीच. मराठीत, पूर्ण.)

साक्षीदार पहिला: समोरचा चष्मेवाला. माझ्यासमोर सही केली. "डोकं ठिकाणावर आहे का बघायला मी कोण?" म्हणाला. मी म्हटलं, "तू चष्मे विकतोस, नीट बघ." बघितलं.

साक्षीदार दुसरी: दवाखान्यातली मोठी नर्स, आपलं मशीन न्यायला दुकानात आली होती. सही केली, पण वाचलं नाही. तिला तीच सवय आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक: नऊ, सोमवार.

नणंदेस, वेगळ्या कागदावर, याच्याबरोबर देण्यासाठी:

बुधवारी, अकरा तारखेला, दुपारी चारला मी दवाखान्यात भरती होते आहे. त्याच्या आधी मला उत्तर पाहिजे. वहिनीला बरं वाटावं म्हणून होय म्हणू नकोस आणि भावाला वाईट वाटेल म्हणून नाही म्हणू नकोस. मी तुला आज विचारते आहे, उशिरा विचारते आहे, पण विचारते आहे. या घरात तुझं गप्प राहणं सगळ्यांनी होकार म्हणून वापरलं, मी सगळ्यात जास्त. या वेळी ते चालणार नाही. बुधवार, चारच्या आत, मोठ्याने: दुकान तू घेतेस का?