इल्का हालमोशच्या वहीतलं सतरावं पान

हे लिहायला मी तीन आठवडे टाळाटाळ केली, ते आधी कबूल करते. जहाजावर चढण्याआधी मृत्युपत्र दिलंच पाहिजे असा नियम आहे, म्हणून आज बसले. तरी मध्ये दोनदा कॉफी झाली आणि एक बूट शिवून आणला.

मी, व्हर्ना स्टोकली, वय चोवीस, राहणार प्रूइटबाईंच्या घरातली मागची खोली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचं दडपण नसताना लिहून ठेवते की, परवा मी जखमींची गाडी चालवायला लढाईवर जाते आहे. परत आले नाही तर माझ्या चीजवस्तूंचं पुढीलप्रमाणे व्हावं.

एक. सूटकेस आणि नकाशा भाऊ अर्लला. मालगाडीतून चोरून फिरले त्या गावांवर खुणा आहेत. अमारिलोवर दोन आहेत, पण ती वेगळी गोष्ट.

दोन. हिरवा रेशमी झगा स्टुडिओनं मागितला तरी देऊ नये. तो सिनेनटी इल्का हालमोशच्या मापाचा आहे, म्हणजे माझ्याही. तिची उंची, तिचे खांदे, तिच्या केसांचा रंग (माझा बाटलीतला) एवढ्यावर माझं चार वर्षं पोट भरलं. शूटिंगचे दिवे जुळेपर्यंत तिच्या जागी मी उभी राहायची. जुळले की ती यायची आणि मी बाजूला.

तीन. रेडिओ प्रूइटबाईंना. कारण खाली येईल.

चार. मी दिव्यांखाली भाजत असताना ती आपल्या खोलीत वहीत यंत्रांची चित्रं काढायची. लोक विचारतात, एवढ्या कामात तिला वेळ मिळतो कुठून. माझ्या पायांतून मिळतो. एकदा मी वैतागून म्हणाले, "मॅडम, उजेड अडवणाऱ्या त्या दिव्याच्या झडपांनी वीट आणलाय. इथे डोळे फुटतात, आणि पाऊलभर सरकलं की दिवा आहे का नाही तेही कळत नाही."

ती हसली नाही. "परत सांग. नेमकी कुठे उभी होतीस?"

संध्याकाळपर्यंत सतराव्या पानावर चित्र तयार: जहाजावरचा इशाऱ्याचा दिवा, आपल्या जहाजाला दिसणारा, बाजूच्या शत्रूला न दिसणारा. शोध कोणत्या तारखेचा याला साक्षीदार लागतो, म्हणून खाली माझी सही घेतली. "तुझ्याहून चांगला साक्षीदार मला कोण मिळणार?" म्हणाली. साक्षीदार!

मग पेपरात तिचा फोटो आला, सुंदर आणि वर हुशार. सुंदर मीही तेवढीच आहे, टेपनं मोजून ठरलेली. दुसऱ्या दिवशी तिनं वही आणायला पाठवलं तेव्हा मी ते पान फाडून ठेवलं. आता कुणी इंजिनियर म्हणतो, दिवा आधी त्यानं काढला. त्या पानाशिवाय तिच्याकडे पुरावा नाही. तिनं मला विचारलं, "व्हर्ना, पान पाहिलंस का गं?" मी म्हटलं, "मी दुसऱ्याच्या वह्या वाचत नाही."

खरं लिहायचं तर त्या दिव्याची तिनं काढलेली पुढची तीस चित्रं मला शंभर वर्षं उभं राहूनही सुचली नसती. तेच सलतं. तिनं माझं वाक्य नुसतं चोरलं असतं तर तिचा राग करून मोकळी झाले असते.

म्हणून माझ्या मरणाची खबर आल्यावर पान तिला द्यावं, माझ्या सहीसकट. आधी नाही. तिनं समोर उभं राहून आभार मानलेले मला सोसणार नाहीत.

ठिकाण हॉलीवूड, ९ मार्च १९४४, दुपार.
सही: व्हर्ना स्टोकली
साक्षीदार पहिला: ओटिस लँडर, शेजारची खोली
साक्षीदार दुसरा:

ही जागा प्रूइटबाईंची होती. त्यांनी विचारलं, "मला काय ठेवलंयस?" मी म्हटलं, "ज्याला काही मिळतं त्यानं सही करायची नसते." "मग मला रेडिओ लिही, सही दुसऱ्या कुणाची घे."

आत्ता प्रूइटबाईच जिन्यातून हाका मारताहेत. "व्हर्ना, खाली तुझ्यासारखीच एक बाई आलीय. तुझ्यापेक्षा बरी दिसते. निरोप द्यायला आलेय म्हणते. सहीचं सांगितलं तर म्हणाली, आणा, करते."

सही करायची तर तिला या कागदातून काही मिळता कामा नये. चौथं कलम खोडलं आहे. पान हातात घेऊन खाली जाते.