धाकटीचं मशीन

१७ जानेवारी

छताला कॉफी! खाली सांडलेली पुसता येते, छताला चिकटलेली कोण पुसणार? मीच. स्टुलावर चढून. लाँड्रीत कामाला पोचायला उशीर, तिथे मुकादम तोंड वासून उभा.

धाकट्या जावेनं काल दुकानातून काचेची एक बरणी आणली. वरून जाळीचा दांडा. आत कॉफीची पावडर आणि गरम पाणी घालायचं, जरा थांबायचं, मग दांडा हळूहळू खाली दाबायचा. हळूहळू, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. पण सासऱ्यांनी सगळं आयुष्य टपालकचेरीत शिक्के मारण्यात घालवलं. त्यांना हळू दाबणं माहीतच नाही. दोन्ही हात ठेवले आणि भुस्स.

मी काही बोलले नाही. म्हणजे एवढंच म्हणाले की माझ्या पातेल्यातली कधी उडाली नव्हती. धाकटी उठून आत गेली.

हे म्हणाले, बोलायच्या आधी मनात आकडे मोजत जा. मला कुठे सवड आहे मोजायला! त्यापेक्षा इथे लिहिते. चौथीपर्यंत शाळा झाली त्याचा एवढा तरी उपयोग.

१९ जानेवारी

दिरानं आज जेवताना सांगून टाकलं. धाकटी दातांच्या ज्या दवाखान्यात फोन घेते त्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या रिकाम्या आहेत. दोघं बघून आलेत. खोलीवाला फेब्रुवारी संपेपर्यंत थांबेल.

मी म्हटलं, जा की. भांडी कमी पडतील घासायला.

धाकटी म्हणाली, "ताई, मला भांडून नाही जायचं. पण या घरात माझं असं काही आहे का, सांगा. भाजी तुमच्या मनाची, पडदे तुमच्या मनाचे. सकाळची एक कॉफी तरी माझी असू दे ना." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

कॉफी मी करते. लग्न होऊन आले तेव्हापासून. पातेल्यात उकळते, फडक्यानं गाळते, चिमूटभर मीठ टाकते, ते कोणाला ठाऊक नाही. त्या कॉफीला आजवर कोणी नाव ठेवलं नाही. कोणी तिचं नाव काढलंही नाही म्हणा.

ते गेले तर चिमणी पण जाणार. म्हणजे त्यांची मुलगी, चार वर्षांची. जाणारच, पोर काय इथे विसरून जातात! रोज माझ्या कुशीत झोपते आणि झोपेत लाथा घालते. बरंच होईल. पाठ तरी दुखायची थांबेल.

२० जानेवारी

पाठ दुखतेय. चिमणी आईकडे झोपली होती तरी.

२२ जानेवारी

हे दिराला म्हणाले, "अरे, तिला हवं ते मशीन घेऊ दे. कॉफीवरून घर मोडायचं का?" हे अधूनमधून अक्कल वापरतात.

बरणी परत केली. दुकानदाराचा नियम असा की आठ दिवसांत वस्तू बदलून देतो, फुटलेली-जळलेली सोडून. त्यानं विचारलं, "काय अडचण आली, बाई?" धाकटी म्हणाली, "सासरे."

मला हसू आलं. तिच्यासमोर हसले नाही.

आल्यावर ती फोनवर बाकी गिऱ्हाइकांचे अनुभव मोठ्यानं वाचत बसली. कोणा बाईनं लिहिलंय, या मशीनमुळे माझी सकाळ बदलली, माझा संसार बदलला. मी विचारलं, नवरा पण बदलून मिळाला का, आठ दिवसांत? धाकटी खुदकन हसली. मग आठवलं तिला की आपला अबोला आहे.

२५ जानेवारी

आता दुसरी वस्तू. लोखंडी किटली, कमरेत आवळलेली. खाली पाणी, मध्ये पावडर, गॅसवर ठेवली की वाफ पाण्याला ढकलते आणि कॉफी वरच्या मजल्यावर जाऊन बसते. चांगली होते, खोटं का बोला. पण एवढीशी! आम्ही पाच मोठी माणसं. सासऱ्यांनी आपला वाटा बघितला आणि म्हणाले, "हे काय, औषध आहे? जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

२८ जानेवारी

यांनी किटली गॅसवर ठेवली. पाणी न घालता. वर बातम्या ऐकत बसले. आतलं रबर जळून असा वास सुटला की शेजारची मास्तरीण दार वाजवायला आली.

मी विचारलं, पाणी का नाही घातलं? हे म्हणाले, "वाफेवर चालते म्हणाली होती ना ती."

या माणसानं पंचवीस वर्षं बस चालवली. लोक त्यात बसायचे.

जळलेली वस्तू दुकानदार घेत नाही. किटलीत आता चमचे उभे आहेत.

२ फेब्रुवारी

तिसरं. विजेचं, डबीवालं. पावडरीच्या बंद डब्या येतात, एक डबी आत सरकवायची, बटण दाबायचं, की एक कप कॉफी. आवाज असा की आमच्या लाँड्रीतलं पिळायचं मशीन लाजेल. आणि एका वेळी एकच कप. पहिला कप सासऱ्यांना. पाचवा, म्हणजे माझा, निघेपर्यंत सासऱ्यांना दुसऱ्या कपाची तहान लागली. मी उभीच.

धाकटी म्हणाली, चव कशी आहे ताई? म्हटलं, आली की सांगते.

५ फेब्रुवारी

डब्या संपल्या. इतक्यात संपतील कशा? सासऱ्यांवर आळ आला. त्यांनी जेवण सोडलं, अर्धा तास. मग चिमणीच्या खेळातल्या घरात सगळ्या सापडल्या. बाहुल्यांना खुर्च्या केल्या होत्या.

डबीवालं परत. दुकानदार आता आम्हाला बघून आधीच उभा राहतो.

८ फेब्रुवारी

चौथं आणि धाकटीच्या तोंडून शेवटचं. "हे नाही जमलं तर नाही, ताई. मग मी खोलीवाल्याला हो सांगते."

हे गरीब दिसतं. एका बाजूला टाकी, तिच्यात पाणी. कागदाच्या द्रोणात पावडर. खाली काचेचं मोठं भांडं, तव्यासारख्या गरम पाटीवर. सगळ्यांची एकदम होते. वर गजराची सोय. रात्री पाणी-पावडर भरून वेळ लावली की सकाळी आपलं आपण सुरू होतं. धाकटीनं किती हौसेनं भरून ठेवलं. भांडं नव्या फडक्यानं पुसलं. मला म्हणाली, "उद्या तुम्ही उठू नका. उद्याची कॉफी माझी."

९ फेब्रुवारी

बूट भिजवलेलं पाणी.

कोणी नाव ठेवलं नाही तेच वाईट. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि कप घेऊन खिडकीतल्या कुंडीकडे गेले. यांनी साखर घातली, परत घातली, मग कप ढकलून ठेवला. दीर म्हणाला, छान आहे, आणि न पिता कामाला गेला. मला कालपर्यंत वाटत होतं, फजिती झाली की बोलायला मजा येईल. धाकटी सगळ्यांचे कप गोळा करत होती. भरलेले. एकेक मोरीत ओतत होती, पाठ करून.

तोंडाला आलं होतं, राहू दे गं, नको जाऊस. बाकी जगाला हवं ते सुनावते मी. एवढं वाक्य काही बाहेर येईना. म्हटलं, "पावडर जास्त घालून बघ उद्या."

ती म्हणाली, "उद्या शेवटचं."

१० फेब्रुवारी

केलं एक काम.

सगळे झोपलेले असताना उठले. मशीनची वायर काढली, टाकीतलं पाणी ओतून टाकलं. पातेल्यात माझी कॉफी उकळली, गाळली, मशीनच्या काचेच्या भांड्यात ओतली. पातेलं धुऊन पालथं घातलं, वायर परत लावली, पाटी तापू दिली आणि अंथरुणात जाऊन घोरायला लागले. खोटं घोरणं किती कष्टाचं असतं! हे कसं करतात रोज कोण जाणे. बहुतेक खरं असतं.

मग एकेक जण उठला. सासऱ्यांनी घोट घेतला, कपात बघितलं, परत घेतला. म्हणाले, "याला म्हणतात कॉफी. इतकी वर्षं आपण काय पीत होतो?"

मी कप असा धरला होता की कान तुटला असता. कपाचा.

हे म्हणाले, "यंत्राचं हेच असतं. माणसाचा हात लागला की चव बिघडते." दीर म्हणाला, "वहिनी, करा कबूल आता." म्हटलं, केलं.

धाकटी उठली. मशीन साफ करायला घेतलं, कागदाचा द्रोण उचलला, हातात धरून जरा उभी राहिली, मग कचऱ्यात टाकला. डोळे भरले होते तिचे. आनंद झाला असणार. होऊ दे.

१३ फेब्रुवारी

रोज उठते. लाँड्रीत इस्त्री धरून डुलकी लागली, एका साहेबाच्या सदऱ्याला तपकिरी त्रिकोण. मुकादम म्हणाला, तुझं लक्ष कुठाय? काय सांगणार, मी घरी मशीनची नोकरी करते म्हणून?

खोल्यांचं कोणी बोलत नाही. मीही विचारत नाही.

१६ फेब्रुवारी

दुकानातून फोन. गोड आवाजाची मुलगी. "मशीनबद्दल समाधानी आहात का? पाचपैकी किती चांदण्या द्याल?" म्हटलं, पाच द्या. "काही सुचवायचंय?" म्हटलं, त्याला रविवारची सुट्टी मिळाली तर बरं होईल. लिहून घेतलं तिनं.

१९ फेब्रुवारी

संकट. सासऱ्यांनी आल्यागेल्याजवळ मशीनची एवढी तारीफ केली की शेजारच्या मास्तरणीनं तेच आणलं. अगदी तेच. आज तिच्या मशीनचं भांडं हातात घेऊन दारात.

"चाखून बघा. हे काय आहे?"

मला माहीत होतं काय आहे. मी म्हटलं, तुमच्या नळाचं पाणी तसलं असेल. ती म्हणाली, नळ एकाच टाकीचे आहेत. म्हटलं, मग पावडर. पावडरही तीच, सासऱ्यांना विचारून आणली होती! मास्तरणीपुढे उभं राहिलं की मला अजून चौथीत असल्यासारखं होतं. आता ही म्हणणार, तुमचं चालवून दाखवा.

तेवढ्यात धाकटी आतून आली. शांतपणे म्हणाली, "नवं मशीन आहे ना तुमचं? मुरायला जरा वेळ लागतो. आमचंही सुरुवातीला असंच होतं."

मास्तरीण बिचारी मान हलवत गेली.

मी धाकटीकडे बघितलं. म्हणजे हिला खरंच वाटतं मशीन मुरलंय! दवाखान्यात फोन घेते, महिन्याला एक पुस्तक वाचते, आणि मशीन मुरतं म्हणते. दया आली मला. सांगावंसं वाटलं. पण सांगितलं की मशीन गेलं, ती गेली, चिमणी गेली. गप्प बसले. गप्प बसायची सवय नाही, घासलेलं पातेलं परत घासलं.

२२ फेब्रुवारी

खोलीवाल्याची मुदत आली जवळ. आज धाकटी आणि दीर दार लावून बराच वेळ बोलत होते. मी दाराशी केर काढला. दोनदा. काही ऐकू आलं नाही.

अंग कसकसतंय. चिमणी म्हणाली, मोठी आई, तू गरम गरम लागतेस. आणि जास्तच चिकटून झोपली.

२३ फेब्रुवारी

ताप. डोळे उघडले तर खिडकीत लख्ख ऊन. उठलेच नव्हते! आता मशीनची खरी कॉफी सगळ्यांच्या कपात, आणि सगळं संपलं. तशीच भिंत धरत बाहेर आले.

टेबलाशी सगळे मजेत. सासरे म्हणत होते, "आज तर मशीननं कमाल केली."

स्वयंपाकघरात गेले. गॅसवर माझं पातेलं, धाकटी फडकं पिळतेय. मला बघून दचकली नाही. म्हणाली, "कागदातली पावडर कोरडी होती ताई, तुम्ही केलीत त्या पहिल्याच दिवशी. त्याच दुपारी खोलीवाल्याला खोल्या नकोत म्हणून सांगितलं."

म्हटलं, "मग इतके दिवस मला अंधारात उठू दिलंस?"

"मग काय! मला झोपायला मिळत होतं." आणि एक कप पुढे केला.

चांगली झाली होती. सांगितलं तसं तिला. मीठ किती, तेही सांगितलं. टेबलावरच्यांना काही कळू द्यायचं नाही असं ठरलंय. उद्यापासून एक दिवस ती उठणार, एक दिवस मी.